नाकापेक्षा भूक जड

मागच्या अंकात एका वाचकांनी विचारलं होतं की मुलांना रात्री मोठ्याने वाचून दाखवायला कुठलं पुस्तक घ्यावं, आणि मी पिनोकिओचं नाव सुचवलं होतं, फक्त एक अट घातली होती की वीस पानांचं रंगीत चित्रांचं नको, छत्तीस प्रकरणांचं पूर्ण पुस्तक घ्या. त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्या लाकडी पोराला देऊन टाकलंय. सगळी पत्रं छापता येणार नाहीत, पाच घेतलीत.

ताई, तुमचं ऐकून लायब्ररीतून पूर्ण इंग्रजी भाषांतर आणलं आणि रोज एक प्रकरण मराठीत सांगत सांगत वाचते. मुलगा सात वर्षांचा आहे. काल पंधरावं प्रकरण वाचलं तर दोन मारेकरी पिनोकिओला झाडाला फासावर लटकवतात आणि तो तिथेच गार पडतो! मुलगा रात्रभर झोपला नाही, सारखं एकच, तो मेला का गं. हे खरंच लहान मुलांचं पुस्तक आहे का? पुढे वाचू की परत करू?
— एक आई, नाशिक

परत करू नका, आज रात्रीच सोळावं वाचा. खरं तर पंधरा आणि सोळा एकाच बैठकीत वाचायची असतात, हे मी मागच्या वेळीच सांगायला हवं होतं, ते राहिलं, त्याबद्दल तुमच्या लेकाची माफी मागते.

पण तुमच्या मुलाला काल रात्री जे झालं ना, अगदी तेच १८८१ साली इटलीतल्या मुलांना झालं होतं, आणि त्यांच्या हातात सोळावं प्रकरण नव्हतंच. त्या वर्षी ७ जुलैला रोममधून ‘जोर्नाले पेर इ बांबिनी’ म्हणजे मुलांचं वर्तमानपत्र अशा नावाचं साप्ताहिक निघालं, संपादक फेर्दिनांदो मार्तिनी, आणि पहिल्याच अंकात ‘एका बाहुल्याची गोष्ट’ सुरू झाली. लिहिणारा कार्लो लोरेन्झिनी, टोपणनाव कोलोदी, वय ५४, फ्लॉरेन्सचा मुरलेला पत्रकार. त्याने पहिली पानं पाठवताना सोबत चिठ्ठी जोडली होती की हा पोरखेळ पाठवतोय, हवं ते करा, पण छापलात तर पैसे चांगले द्या म्हणजे मला पुढे लिहावंसं वाटेल. म्हणजे सुरुवात तर अशी, मनात कुठलंही मोठं पुस्तक नव्हतं. आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्याने खरोखरच गोष्ट संपवली. पिनोकिओ मोठ्या ओकच्या झाडाला लटकलेला, वारा त्याला घंटेच्या लोलकासारखा हलवतोय, आणि शेवटचं त्याच्या तोंडून निघतं ते एवढंच, बाबा, तुम्ही इथे असता तर! संपली गोष्ट.

मुलांनी ऐकलं नाही. साप्ताहिकाकडे पत्रं यायला लागली, संपादक मागे लागले, आणि साडेतीन महिन्यांनी, फेब्रुवारी १८८२ मध्ये, कोलोदीने फासावरचा पोरगा खाली उतरवला आणि गोष्ट पुढे नेली, या वेळी ‘पिनोकिओची साहसं’ या नावाने. मधे मधे खंड पडत ती जानेवारी १८८३ पर्यंत चालली आणि त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये पुस्तक निघालं. म्हणजे आज जो पिनोकिओ जगभर आहे, त्याचा अर्ध्याहून जास्त भाग मुलांच्या हट्टाने लिहिला गेलाय. हे तुमच्या मुलाला नक्की सांगा, की तुझ्यासारखीच मुलं रडली म्हणून तो वाचला.

सोळाव्यात काय होतं ते तुम्हाला आधीच सांगून ठेवते. निळ्या केसांची मुलगी खिडकीतून त्याला लटकलेला बघते, ससाणा पाठवते, तो चोचीने गाठ सोडवतो, मग तीन वैद्य येतात, कावळा, घुबड आणि रातकिडा. कावळा नाडी बघून गंभीरपणे म्हणतो की माझ्या मते हा मेलेला आहे, पण जर मेलेला नसेल तर तो जिवंत असल्याची ती पक्की खूण समजावी, आणि घुबड बरोब्बर उलटं तेच सांगतं. तुमचा मुलगा इथे हसणार. सतराव्यात औषध प्यायला नको म्हणतो तेव्हा चार काळेकुट्ट ससे खांद्यावर छोटी तिरडी घेऊन दारात येतात, तेवढं आधी दिवसा स्वतः वाचून घ्या आणि कसं सांगायचं ते ठरवा. पण गाळू नका. औषधाला नाक मुरडणाऱ्या प्रत्येक मुलाला ते ससे कळतात.

मी जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवतो. खोटं बोलल्यावर नाक वाढतं ही गोष्ट दर वर्षी सांगतो, मुलं एकमेकांची नाकं मोजत बसतात. मूळ पुस्तकात नाक किती वेळा वाढतं? आणि लेखकाला हाच बोध द्यायचा होता ना?
— एक शिक्षक, मिरज तालुका

सर, हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला, कारण या पुस्तकाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज नाकाचाच आहे.

नाक पहिल्यांदा वाढतं तेव्हा पिनोकिओला अजून तोंडसुद्धा नाही! म्हातारा जेपेत्तो ओंडक्यातून बाहुला कोरतोय, केस झाले, डोळे झाले, मग नाक कोरायला घेतलं तर ते वाढायलाच लागलं, तो कापतोय आणि ते वाढतंय. खोटं बोलायला तोंडच नाही, तर खोटं कुठून बोलणार.

दुसरी वेळ मला सगळ्यात जास्त आवडते. पाचवं प्रकरण. जेपेत्तोला शिपायांनी धरून नेलंय, पिनोकिओ घरात एकटा, संध्याकाळ झालीये, पोटात काही नाही. समोर चूल पेटलेली दिसते, तिच्यावर भांडं, त्यातून वाफ येतेय. तो धावत जातो, झाकण उचलायला हात घालतो, तर भांडं भिंतीवर रंगवलेलं. चूल रंगवलेली, जाळ रंगवलेला, वाफ पण रंगवलेली. म्हाताऱ्याच्या घरात खरी चूल पेटतच नव्हती म्हणून भिंतीवर चित्र काढलं होतं. आणि त्या क्षणी, लेखक लिहितो, त्याचं आधीच लांब असलेलं नाक आणखी चार बोटं वाढलं. खोटं पिनोकिओ बोललाच नाही, फसवलं भिंतीने, आणि नाक भुकेने वाढलं.

खोटं बोलून वाढतं ते थेट सतराव्या प्रकरणात. परी, म्हणजे तीच निळ्या केसांची मुलगी, विचारते सोन्याची नाणी कुठे आहेत, ती चार नाणी त्याच्या खिशातच असतात पण तो म्हणतो हरवली, नाक दोन बोटं वाढलं, मग म्हणतो जंगलात हरवली, आणखी वाढलं, मग म्हणतो औषधाबरोबर गिळली, आणि आता नाक एवढं लांब की खोलीत मान वळवता येईना, इकडे वळला तर खाटेला लागतं, तिकडे वळला तर दाराला. परी हसते आणि सांगते की खोटं दोन जातीचं असतं, एकाचे पाय आखूड आणि एकाचं नाक लांब, तुझं लांब नाकवालं. मग अर्धा तास त्याला रडू देते आणि टाळी वाजवून हजार सुतारपक्षी बोलावते, ते टोचून टोचून नाक जागेवर आणतात. पुढे आणखी एकदा वाढतं, एका म्हाताऱ्याशी बोलताना पिनोकिओ स्वतःचीच स्तुती करतो तेव्हा, आणि खरं सांगितलं की लगेच आक्रसतं. बस. बाकी पुस्तकभर तो कितीतरी थापा मारतो आणि नाक ढिम्म हलत नाही.

त्यामुळे तुम्ही विचारता तो बोध पुस्तकात आहे, पण कोपऱ्यात आहे. नाक पुढे आलं ते मुख्यतः १९४० च्या डिस्नीच्या सिनेमामुळे आणि आपल्या मोठ्या माणसांच्या सोयीमुळे, कारण पोरांना गप्प करायला नाक फार उपयोगी पडतं. पुस्तकाच्या पानापानावर जी आहे ती भूक. पहिल्या दिवसापासून पोरगं भुकेलं आहे, अंडं सापडतं तर फोडल्यावर त्यातून पिल्लू बाहेर येऊन आभार मानून उडून जातं, रात्री दारोदार भाकर मागायला जातो तर वरून कुणी घमेलंभर पाणी ओततं. सर, पुढच्या वर्षी नाकाच्या आधी तिसरीला रंगवलेल्या भांड्याची गोष्ट सांगून बघा, मला खात्री आहे वर्गात पिनड्रॉप शांतता होईल.

कोलोदी हे त्याचं खरं आडनाव नाही असं वाचलं. मग ते कुठून आलं? आणि आमचे एक प्रोफेसर म्हणतात ही राजकीय कादंबरी आहे, हे जरा ताणलेलं नाही का?
— एक विद्यार्थी, पुणे

कोलोदी हे इटलीच्या तुस्कनी प्रांतातल्या डोंगरउतारावरच्या एका छोट्या गावाचं नाव, त्याच्या आईचं गाव. वडील फ्लॉरेन्समध्ये जिनोरी नावाच्या सरदार घराण्यात स्वयंपाकी, आई शिवणकाम करायची. घरात पोरं पुष्कळ आणि त्यातली बरीच लहानपणीच गेली. कार्लो सगळ्यात मोठा, त्याच्या बालपणाचा काही काळ कोलोदीत आजोळच्या माणसांत गेला. म्हणून मी म्हणते की रंगवलेली चूल त्याने नुसती कल्पनेतून आणलेली नाही, गरिबी म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. आज त्या गावात १९५६ पासून पिनोकिओचं उद्यान आहे.

राजकीय म्हणशील तर तुझे प्रोफेसर अगदीच चुकीचे नाहीत. हा माणूस १८४८ मध्ये आणि परत १८५९ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्धच्या लढ्यात स्वयंसेवक म्हणून गेला होता, दरम्यान ‘लाम्पिओने’ नावाचं टिंगलखोर वर्तमानपत्र काढलं, ते सरकारने बंद पाडलं. एकोणिसाव्या प्रकरणात बघ, पिनोकिओचे पैसे चोरीला जातात, तो न्याय मागायला कोर्टात जातो, न्यायाधीश एक म्हातारं गोरिला, ते मन लावून सगळं ऐकून घेतं, अगदी हळहळतं, आणि मग शिपायांना सांगतं की या बिचाऱ्याला लुटलंय तेव्हा याला तुरुंगात टाका. चार महिने आत! सम्राटाच्या विजयाच्या आनंदात कैदी सोडतात तेव्हा जेलर म्हणतो तुला नाही सोडणार, माफी फक्त बदमाशांना आहे, आणि पिनोकिओ मीही बदमाश आहे असं म्हणतो तेव्हा कुठे सुटका होते.

आणि पहिली ओळ तर आहेच. आपल्याकडे कसं, आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, तसं तिकडेही. कोलोदी सुरू करतो, एके काळी होता एक... आणि लगेच म्हणतो, माझे छोटे वाचक म्हणतील राजा! नाही मुलांनो, चुकलात, एके काळी एक लाकडाचा तुकडा होता. तोही भारी लाकूड नाही, थंडीत चुलीत घालायचं जळण. राजाला उठवून त्याच्या जागी जळण ठेवणारा माणूस काय विचारांचा असेल ते तूच ठरव. पण मित्रा, माझं म्हणणं एवढंच की राजकारण शोधायला म्हणून हे पुस्तक वाचू नकोस, आधी गोष्ट म्हणून वाच, बाकीचं आपोआप दिसतं. १८७७ मध्ये इटलीत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करणारा कायदा आला होता, त्याच सुमाराला कोलोदी शाळेसाठी वाचनाची पुस्तकं लिहीत होता, आणि पिनोकिओला शाळेत पाठवायची सगळ्या मोठ्यांची जी धडपड आहे ती त्या दिवसांतली आहे हे लक्षात ठेवलंस तर मजा वाढते.

ताई, जेपेत्तो देवमाशाच्या पोटात होता की शार्कच्या? माझी आणि दादाची पैज लागली आहे. आणि पिनोकिओने रातकिड्याला का मारलं?
— इयत्ता ५ वी, अलिबाग

बाळा, देवमासा सिनेमातला. पुस्तकात ‘पेशेकाने’ आहे म्हणजे शार्क, तुमच्या अलिबागला कोळी ज्याला मुशी म्हणतात ना ती, फक्त ही शेपूट सोडून एक किलोमीटरपेक्षा लांब आहे आणि तिला दमा आहे, म्हणून ती तोंड उघडं टाकून झोपते आणि म्हणूनच बापलेक बाहेर पळू शकतात. पैज कुणी जिंकली ते कळव.

रातकिडा जेपेत्तोच्या खोलीत शंभर वर्षांहून जास्त राहत होता आणि त्याने पिनोकिओला चांगलं सांगितलं, ते त्याला आवडलं नाही, रागाने हातोडी फेकली. लेखक म्हणतो की त्याला कदाचित ती लागावी असं वाटतही नव्हतं. पण लागली. रागात फेकलेल्या वस्तूचं असंच असतं. पुढे तो रातकिडा सावली होऊन येतो, वैद्य होऊन येतो आणि शेवटी पिनोकिओला घर पण देतो.

माझं वय ७८. लहानपणी मुंबईत हा सिनेमा पाहिला होता, आता नातीसाठी पुस्तक वाचतोय. दोन गोष्टी विचारतो. सव्वाशे वर्षांहून जुना हा बाहुला अजून टिकलाय कसा? आणि दुसरं, शेवटी तो खरा मुलगा होतो तेव्हा सगळ्यांना आनंद होतो, मला का होत नाही?
— एक आजोबा, रत्नागिरी

काका, तुमच्या पहिल्या प्रश्नाला लोक मोठी मोठी उत्तरं देतात, मी तुम्हाला तीन नाशपात्यांचं देते.

सातवं प्रकरण. रात्री शेगडीवर पाय ठेवून झोपला म्हणून पिनोकिओचे पाय जळून गेलेत, सकाळी जेपेत्तो सुटून घरी येतो, पोराला तसं बघून रडतो. खिशात तीन नाशपात्या आहेत, स्वतःच्या न्याहारीसाठी आणलेल्या, त्या पोराला देतो. पोरगं म्हणतं सालं काढून द्या, मी सालासकट खात नाही. म्हातारा चकित होतो, पण चाकू घेऊन तिन्ही सोलतो आणि सालं टेबलाच्या कोपऱ्यात ठेवतो. पिनोकिओ दोन घासात पहिली संपवून मधला भाग फेकणार तेवढ्यात जेपेत्तो त्याचा हात धरतो, फेकू नको, या जगात सगळ्याचा उपयोग होतो. पोरगं म्हणतं मी काही हे खाणार नाही! म्हातारा म्हणतो, कुणास ठाऊक. आणि ते मधले भाग पण सालांशेजारी ठेवून देतो. तीन संपतात, पोरगं जांभई देऊन म्हणतं अजून भूक आहे. माझ्याकडे आता फक्त सालं आणि हे उरलंय बाळा. मग पिनोकिओ एक साल उचलतो, तोंड वाकडं करतो, मग दुसरं, मग भराभरा सगळी, मग मधले भागही, आणि पोटावर हात मारून म्हणतो आत्ता कसं बरं वाटलं.

मी हा सीन पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमचं स्वयंपाकघर आठवलं, आई दोडक्याच्या शिरा बाजूला ठेवून त्याची चटणी करायची आणि मी नाक मुरडायचे आणि शेवटी ताटात तीच पहिली संपायची. म्हातारा इथे उपदेशाचे दोन शब्द बोलतो, पण गोष्ट त्या शब्दांत नाही. बघ माझंच बरोबर होतं असं तो शेवटी म्हणतो खरा, पण त्याच्या आधी गुपचूप सालं जपून ठेवतो. मुलांना हे कळतं, आणि आईबापांना तर फारच कळतं, म्हणून टिकलाय.

लगेच पुढे तो त्याला फुलाफुलांच्या कागदाचा सदरा करतो, झाडाच्या सालीचे बूट, ब्रेडच्या मऊ भागाची टोपी. शाळेसाठी अंकलिपी हवी, पैसे नाहीत. जेपेत्तो आपला ठिगळं लावलेला जुना कोट घालून बाहेर जातो आणि अंकलिपी घेऊन परत येतो, बाहेर बर्फ पडतंय आणि अंगात नुसता शर्ट. बाबा, कोट? विकला. का? गरम होत होतं. पिनोकिओला बरोबर कळतं आणि तो गळ्यात उडी मारून बापाचे मुके घेतो. आणि दुसऱ्याच पानावर, काका, दुसऱ्याच पानावर हाच पोरगा बाहुल्यांचा खेळ बघायला ती अंकलिपी चार पैशांना जुन्या कपड्यांवाल्याला विकून टाकतो! दोन्ही खरं आहे, मुका पण खरा आणि विकलेली अंकलिपी पण खरी. आदर्श बाळ नाही आणि वाईट पोरगं तर अजिबात नाही, दर वेळी मनापासून शब्द देतो आणि दर वेळी मोडतो, मुलं स्वतःला ओळखतात ती इथे. जुन्या बोधकथांतल्या शहाण्या मुलांची नावंसुद्धा आज कुणाला आठवत नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुम्हाला आनंद होत नाही याचं कारण तुमच्यात नाही, पुस्तकात आहे. सिनेमात बाहुलाच मुलगा होतो, लाकडाचं मांस होतं, मागे काही उरत नाही. पुस्तकात तसं नाही. शेवटच्या प्रकरणात जेपेत्तो आजारी आहे, त्याला रोज पेलाभर दूध हवं, आणि पिनोकिओ एका शेतकऱ्याकडे रहाटाचं पाणी काढतो, शंभर बादल्या काढल्या की एक पेला. पाच महिन्यांहून जास्त दिवस, पहाटे उठून. संध्याकाळी टोपल्या विणतो. हे तो बाहुला असतानाच करतो काका, लाकडी हातांनी. कमावलेले चाळीस पैसे नव्या कोटासाठी ठेवलेले असतात, ते परी आजारी आहे कळल्यावर तिच्यासाठी पाठवतो, तेही बाहुला असतानाच. मग एका सकाळी उठतो तर आरशात सुंदर तपकिरी केसांचा मुलगा, घर नवं, बाप ठणठणीत. तो विचारतो, तो जुना लाकडी पिनोकिओ कुठे गेला? आणि जेपेत्तो बोट दाखवतो, तो काय तिथे.

खुर्चीला टेकवून ठेवलेला मोठा बाहुला, मान एका बाजूला कललेली, हात लोंबतायत, पाय गुडघ्यात मुडपून एकमेकांवर पडलेले, उभा कसा राहिला तेच नवल. मुलगा त्याच्याकडे बघून म्हणतो मी बाहुला होतो तेव्हा किती गमतीशीर दिसायचो, आणि आता चांगला मुलगा झाल्याचा किती आनंद आहे. तिथे पुस्तक संपतं.

छत्तीस प्रकरणं आपण ज्याच्याबरोबर फासावर गेलो, तुरुंगात गेलो, गाढव झालो, माशाच्या पोटात गेलो आणि ज्याने बापाला पाठीवर घेऊन समुद्र कापला तो हा खुर्चीला टेकलेला आहे. नवा मुलगा गोड आहे, पण त्याला आपण आत्ताच भेटलोय. तुम्हाला जे वाटतं ते त्या बाहुल्यासाठी वाटतं. नातीला वाचून दाखवताना शेवटच्या पानावर तिलाच विचारा की आता ते लाकूड कुठे ठेवायचं, आणि ती काय म्हणाली ते मला लिहून पाठवाल का?